गोदीतली शाकारणी

आई,

घराला आता कौलं नाहीत, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तू मधेच अडवणार नाहीस. तू गेल्यावर काही वर्षांनी धाकट्यानं कुडाच्या भिंती पाडून विटांच्या बांधल्या आणि वर स्लॅब टाकला. वानरं अजून येतात. स्लॅबवर बसतात, इकडेतिकडे बघतात, उचकटायला काही सापडत नाही म्हणून कंटाळून निघून जातात. मी आत्ता त्याच स्लॅबवर खुर्ची टाकून बसलोय. भात झोडून झालाय, खाचरं मोकळी पडलीत, आणि धाकट्याची बायको खालून दोनदा विचारून गेली की भावजी वर उन्हात काय लिहीत बसलेत. तिला म्हटलं, ऑफिसचं आहे. तू असताना माझं पत्र आलं की तू ते शाळेतल्या गुरुजींकडून वाचून घ्यायचीस, आणि ऐकायला अर्धी आळी ओट्यावर जमायची. त्यामुळे मी कधी 'क्षेम आहे, काळजी नसावी' याच्या पलीकडे काही लिहिलंच नाही. आज ओट्यावर कोणी नाही, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

सांगायचं आहे जहाजाबद्दल, पण तुला सांगायचं तर घरापासूनच सुरुवात केली पाहिजे. वैशाखात आपण घर शाकारायला काढायचो. छपरावर चढायचे भाऊ, पण हुकूम तुझा. वडलांना आम्ही पोरं भाऊ म्हणायचो आणि तूही त्यांच्या माघारी भाऊच म्हणायचीस. नळीची कौलं एकेक उतरवायची, फुटकी बाजूला टाकायची, कुजकी रीप बदलायची, आणि पुन्हा सगळी ओळीनं चढवायची. कौलाखाली विंचू निघायचे. घरात सगळीकडे वर्षभराची काजळी आणि लाल माती पडायची. बाकीच्यांची घरं उघडी असली की ते खुशाल चुलत्याकडे, मामाकडे जेवायला-झोपायला जायचे. आपल्याकडे ती सोय नव्हती. छप्पर उतरलं तरी चूल आतच पेटायची आणि भाकरीवर माती पडली तरी ती तिथंच बसून खायची. मी एकदा कुरकुर केली तर म्हणालीस, "घर उगडं आसताना टाकून जाऊ न्हाई. त्याला वाटतं, गेली सोडून."

"घराला काय कळतंय, आई?"

"तुला कळतंय न्हवं? मग त्याला बी कळतंय."

आणि मग शेवटचं कौल आढ्यावर बसलं की तुझं दूध. चूल सारवायचीस, हळदकुंकू लावायचीस आणि लहान पितळी पातेल्यात दूध ठेवून ते उतू घालायचीस. आळीतल्या बाया हसायच्या, दरसाल वास्तुशांत का गं तुझी म्हणून. तू म्हणायचीस, शाकारलं की नवंच झालं की घर. भाऊंचा जीव त्या दुधासाठी तुटायचा, कारण तेवढं डेअरीत कमी जायचं, पण ऊत कुठल्या बाजूला जातो ते बघायला तेच सगळ्यात पुढे वाकायचे. आणि तो दरवर्षी पूर्वेला जायचा. एकही वर्ष चुकलं नाही. भाऊ मग दिवसभर खुशीत, येईल त्याला सांगत सुटायचे, "औंदा बी उगवतीलाच गेलं बरं का." लोक म्हणायचे, हिच्या हाताला गुण आहे.

मी नौदलात लागलो ते वर्ष तुला आठवत असेलच. पूर्वेकडच्या किनाऱ्यावरचं सुरुवातीचं शिक्षण संपवून मी सुट्टीवर आलो होतो, आणि संध्याकाळपर्यंत लोणावळ्याच्या केंद्रात हजर व्हायचं होतं. इंजिनाचं काम शिकायचं ते तिथंच. नवी ट्रंक, कडक इस्त्रीचा सदरा, डोक्यावर केस असे नसल्यातच जमा. सकाळी मी अंगणात उतरलो तर भाऊ छपरावर, निम्मी कौलं खाली, आणि तू पदर खोचून शिडीखाली उभी. वाटलं, आता ओवाळणार. तू ट्रंकेकडे बघितलंस आणि म्हणालीस, "उगडं घर टाकून कुटं निगालास?"

मी म्हटलं, "आई, नौदल हाय ते. थांबत न्हाई कुनासाठी."

"आन आभाळ थांबतंय व्हय? सदरा काढ. कौलं दे भाऊस्नी."

सदरा काढला. सगळा दिवस कौलं वर देत राहिलो, तुझ्या हातातून माझ्या, माझ्या हातातून भाऊंच्या. मनातून नुसता धुमसत होतो. शेवटचं कौल बसलं, दूध उतू गेलं, आणि मगच तू मला ओवाळलंस. दुधाच्या टेम्पोतून कामशेत आणि तिथून मिळेल त्या गाडीनं मी लोणावळा गाठलं. वेळ टळून गेली होती. तिथल्या उस्तादानं माझी नखं बघितली, लाल मातीनं भरलेली, आणि हिंदीत विचारलं की भरती झालायस का विटा पाडून आलायस. मग मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. धावता धावता मी तुला काय काय म्हणत होतो ते आता लिहीत नाही.

त्यानंतर तुझं एकच पालुपद. लोणावळ्यालाच ठेवा म्हणावं साहेबाला. मी मुंबईला गेलो, विशाखापट्टणमला गेलो, जहाजावर गेलो, आणि प्रत्येक सुट्टीत तू विचारलंस, "लोनावळ्याला कवा येनार?" तुझ्या हिशेबी नौदल म्हणजे लोणावळा, समुद्र ही त्यांनी मागाहून काढलेली भानगड होती. एकदा आमचं जहाज किरकोळ दुरुस्तीला गोदीत गेलं तेव्हा मी डेअरीतल्या फोनवर तुला तसं कळवलं. सुकी गोदी म्हणजे काय ते समजावलं, जहाज आत घेतात, दार लावतात आणि पाणी उपसून काढतात.

"मग पान्याबिगर बोट हुभी कशी ऱ्हाती?"

"खाली लाकडी ठोकळे देतात."

"गाडीचं चाक काढल्यावर आसाखाली देत्यात तसं?"

"व्हय. तसंच."

तू खूश झालीस. मग विचारलंस, "आन आत कोन ऱ्हातं मग?" म्हटलं, कोणी नाही, आम्ही सगळे बराकीत राहतो.  मग तू हळू आवाजात म्हणालीस, "उगडी टाकून आलासा? समद्यांनी?" जहाजाला काय होतंय म्हणून मी हसण्यावारी नेलं. त्यानंतर फार दिवस तू राहिली नाहीस. तू गेलीस तेव्हा मी समुद्रात होतो, हे तुला माहीत आहे. त्या वैशाखात आपलं घर कोणी शाकारलंच नाही. पावसाळाभर भाऊ घरात पातेली मांडत फिरत होते.

आता जहाजाचं. मी ज्या जहाजावर आहे ते म्हातारं झालंय आणि त्याची मोठी दुरुस्ती निघाली. मुंबईच्या गोदीत नेऊन त्याला ठोकळ्यांवर बसवलं आणि उलगडायला सुरुवात झाली. मी काय वर्णन करू? जहाज ढकलणारे पाण्याखालचे पंखे काढले, सुकाणू काढलं, पाइप काढून त्यांना पत्र्याचे बिल्ले बांधले, वायरींची तर आतडी बाहेर. विजेची मोठी यंत्रं बाहेर काढायची म्हणून डेकला भोकच पाडलं, आपल्या अंगणाएवढं. मी मशिनरूमचा सगळ्यात जुना माणूस, मला सगळे मास्टर चीफ म्हणतात. इतकी वर्षं ज्या जागेत डोळे मिटून फिरलो त्या जागेत मला रस्ता सापडेना. पोरांचे तर फार हाल. ही पोरं समुद्रावर जायला म्हणून भरती झालेली, आणि त्यांचं काम काय, तर कोणी वेल्डिंग करत असेल तर शेजारी आग विझवायचं नळकांडं घेऊन दिवसभर उभं राहायचं. जेवण बराकीतून डब्यात. जहाजाचं किचन बंद, दिवे बंद, लोखंड थंड. हळूहळू एकेकाच्या बदल्या यायला लागल्या, आणि ज्यांच्या येत नव्हत्या ते मागायला लागले. मलाही एक दिवस वाटलं की हे जहाज राहिलेलं नाही, हा भंगाराचा ढीग आहे. आणि त्याच दिवशी तुझा तो फोन आठवला.

आता जहाजावर चूल पेटवता येत नाही, आई. दुरुस्तीत आगीइतकं दुसरं भय नाही, काडेपेटीसुद्धा गेटवर काढून घेतात. म्हणून मी बराकीतून चहाची किटली भरून आणायला लागलो. रोज दुपारी, खाली मशिनरूममध्ये, जिथं आमचं टेबल असायचं तिथं. पहिले काही दिवस एकटाच. आमचा कुक बिहारचा, फार तोंडाळ, पण मनाचा मोकळा. तो वरून वाकून म्हणाला, "मास्टर चीफ, ऊपर इतनी अच्छी हवा है, नीचे धूल में क्यों पीते हो?" म्हटलं, "इसको लगना नहीं चाहिए कि हम छोड़ के गए." त्यानं कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवशी मात्र स्वतःच कप घेऊन खाली आला. मग आणखी दोघं, मग चौघं. धूळ पडायची चहात, गाळून प्यायचो.

आणि नेमकी तेव्हाच माझी लोणावळ्याची ऑर्डर आली. आमचे इंजिनिअर साहेब नागपूरकडचे, माझ्या पोरीच्या वयाचे म्हटलं तरी चालेल. त्यांनी बोलावून हात मिळवला. "अभिनंदन, मास्टर चीफ. शेवटची पोस्टिंग घराजवळ! नशीब काढलंत." लोणावळ्याच्या त्याच केंद्रात, शिकवायला. तू आयुष्यभर मागितलंस ते, आणि निवृत्तीच्या तोंडावर. मी त्यांना विचारलं, जहाज बंद होईपर्यंत थांबता येईल का? बंद म्हणजे भोक बुजेपर्यंत, माणसं परत राहायला येईपर्यंत. ते म्हणाले, "जागा थांबणार नाही. तुम्ही नाही म्हणालात तर दुसरा जाईल, आणि परत काही मिळायची नाही. विचार करा." असा विचार करायचा प्रसंग माझ्यावर पहिल्यांदाच आला, कारण आजवर नौदलानं सांगितलं तिकडे मी गेलो, किंवा तू सांगितलंस तिकडे.

बायको माझी तळेगावला असते, सोसायटीत फ्लॅट घेतलाय. पोरीला तिनं एकटीनं वाढवलं, शाळा, आजारपण, पाण्याचे टँकर, सगळं. ऑर्डरचं ऐकून तिनं लगेच हॉलचे पडदे धुवायला काढले. मग मी जरा चाचरत दुसरं सांगितलं. ती म्हणाली, "जहाज काय तुमच्या बापाचं आहे?" म्हटलं नाही. "तुमच्यावाचून ते अडून राहणार आहे?" म्हटलं, तेही नाही, माझ्या जागी येईल तो चांगलंच करेल. "मग?"  शेवटी तिला शाकारणीचं सांगितलं, ट्रंक, सदरा, लाल नखं, सगळं. तिनं ते पूर्वीही ऐकलेलं होतं. म्हणाली, "सासूबाई असत्या तर आज म्हणाल्या असत्या, गप घरी ये." आणि आई, तिचं अगदी बरोबर होतं. तूच म्हणाली असतीस, ये. आणि तूच म्हणाली असतीस, उघडं टाकून कुठं निघालास. तू दोन्हीकडून ओढत होतीस आणि मधे मी, डोक्यावरचे सगळे केस पांढरे झालेला माणूस.

परत गेलो त्या दुपारी किटली घेऊन खाली उतरलो तर फक्त कुक होता. बाकीच्यांना कुठंतरी कामाला पाठवलेलं. आम्ही दोघं बसलो. डोक्यावर ते डेकचं भोक आणि त्यातून निळं आभाळ दिसत होतं. मी इतकी वर्षं मशिनरूममध्ये काढली, पण तिथं बसून आभाळ कधी बघितलं नव्हतं. थेट आपल्या घरात वैशाखात दिसायचं तसं. एक घार फिरत होती. कुकनं विचारलं, "आप भी जा रहे हो ना, मास्टर चीफ?" मी म्हटलं, "ये छत डल जाने दे." वर जाऊन साहेबांना तेच सांगितलं, जरा बऱ्या भाषेत. लोणावळ्याची जागा दुसऱ्याला गेली. बायको बरेच दिवस फोनवर फक्त 'हं' म्हणत होती. मग एकदा म्हणाली, "सासूबाईंनी तुम्हाला पार बिघडवून ठेवलंय," तेव्हा मला कळलं की माझी सुटका झाली.

छत लवकर पडलं नाही. गोदीची कामं आपल्या तालुक्याच्या रस्त्यांसारखी, आज होतंय, उद्या होतंय. पण झालं. यंत्रं आत उतरली, भोकावर पत्रा चढला, वेल्डिंग झालं, आणि आभाळ दिसेनासं झाल्यावर मला थोडं वाईटही वाटलं. मग एक दिवस गोदीत पाणी सोडलं. आम्ही सगळे खाली, विजेऱ्या घेऊन, कुठून पाणी झिरपतं का ते बघत. आणि एका क्षणी पायाखाली काहीतरी सैल झालं. आवाज नाही, धक्का नाही, फक्त कळलं की आता आपण ठोकळ्यांवर नाही. एक पोरगं ओरडलं, "उठ गई!" मी विजेरी दुसरीकडे वळवली. तोवर चहाला इतकी माणसं जमायला लागली होती की किटली दोनदा भरून आणावी लागायची.

मग बराकी सोडून सगळे जहाजावर राहायला आलो. किचन नवं कोरं, विजेच्या शेगड्या चकचकीत, कुक त्यांना कुणाला हात लावू देईना. पहिला स्वयंपाक व्हायच्या आधी मी त्याला म्हटलं, चहा आज मी करतो, किटलीचा मान आहे. तो हो म्हणाला आणि भाजी उतरवून घ्यायला वर गेला. मी दूध ठेवलं. आणि ते उतू गेलं. आपल्या चुलीवर उतू गेलं तर राखेत जातं, आई. विजेच्या शेगडीवर ते आत शिरतं. ठक्कन आवाज झाला, शेगडी बंद, दिवे बंद, तिकडे कंट्रोलरूममध्ये घंटा सुरू. नव्या जहाजाची पहिली घंटा! पोरं आगीची नळकांडी घेऊन धावत आली. साहेब आले. कुक आला आणि त्याला रडावं की मारावं कळेना. साहेब म्हणाले, "काय झालं, मास्टर चीफ?"

"दूध उतू गेलं, साहेब."

"तुमच्यासारख्या माणसानं समोर उभं राहून?"

"लक्ष नव्हतं, साहेब."

त्यांनी मला चारचौघांत चांगलं झापलं, आणि बरोबरच होतं. वायरमननं शेगडी उघडून पुसून वाळवून परत बसवली. तेव्हापासून मी किचनच्या आसपास दिसलो की कुक सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडतो, "दूध सँभालो, मास्टर चीफ आ रहे हैं!"

गेल्या आठवड्यात जहाज स्वतःच्या इंजिनावर समुद्रात जाऊन आलं. मी खाली होतो, मला समुद्र दिसला नाही, आमच्या कामात तो दिसत नसतोच. पण पायाखालची थरथर ओळखीची होती. ज्या पोरांनी नुसतं नळकांडं धरून दिवस काढले होते ती एकमेकांच्या पाठीत गुद्दे घालत होती. परत आल्यावर सुट्टी मिळाली. तळेगावला दोन दिवस पडदे लावले, आणि आज हितं आलो. आता थोडे महिने राहिलेत, मग कायमचाच येईन. लोणावळ्याला मात्र नाही, तेवढं तुझं राहिलंच.

धाकट्याची बायको जेवायला हाका मारतेय. हे कागद खिशात घडी करून ठेवीन, गुरुजीही आता नाहीत आणि असते तरी हे त्यांना वाचू दिलं नसतं, कारण एक गोष्ट अजून कोणाला सांगितलेली नाही, बायकोलाही नाही. माझं लक्ष होतं, आई. शेगडीचं बटण हाताशी होतं. हात पुढे गेला होता, तो मी मागे घेतला. आणि ऊत पूर्वेलाच गेला, सरळ समुद्राच्या बाजूला, कारण आमची गोदी मुंबईच्या उगवतीच्या अंगाला आहे. लहानपणी मी शिडीवर बसलेलो असायचो, तिथून उघड्या दारातून आतली चूल दिसायची, आणि भाऊ वाकून बघायच्या आधी तू पातेल्याखाली मावळतीकडून कौलाचा तुकडा सरकवायचीस ते मला दरवर्षी दिसायचं. जहाजावर कौल कुठून आणणार? मी चमचा सरकवला.